तणाव उतरतो, आजार उरतो!

कर्करोगासारखा दीर्घ आजार जडलेल्या रुग्णाला 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला घरचे, शेजारी आणि प्रसंगी डॉक्टरही देतात. या सल्ल्याला शास्त्रीय आधार किती, याचा शोध गेली काही दशके सुरू आहे. हाती आलेले उत्तर आशादायक असले, तरी त्याच्या मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे 'कॉर्टिसॉल' हे तणावाशी निगडित संप्रेरक. निरोगी व्यक्तीत त्याची पातळी सकाळी सर्वाधिक असते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात, स्तनाचा कर्करोग अन्यत्र पसरलेल्या १०४ महिलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल तपासण्यात आले. ज्यांच्यात हा दैनंदिन उतार मंदावला होता, त्यांना मृत्यूने लवकर गाठल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. त्याच वर्षी मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसरी बाजू मांडली. स्नायू शिथिल करणे, नकारात्मक विचारांची फेरतपासणी करणे आणि भावना मोकळेपणाने मांडणे, असे दहा आठवड्यांचे गट-प्रशिक्षण घेतलेल्या प्राथमिक टप्प्यातील रुग्ण महिलांच्या रक्तातील कॉर्टिसॉल घटले होते.

मात्र संप्रेरकाची पातळी उतरली म्हणजे आयुष्य वाढले, असे म्हणता येते का? स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पिगेल यांच्या १९८९ मधील ८६ महिलांच्या अभ्यासात, गटोपचार घेणाऱ्या महिला सरासरी जवळपास दुप्पट काळ जगल्याचे दिसले आणि आशा पल्लवित झाल्या. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ महिलांवर झालेल्या अभ्यासात आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. २००७ मध्ये तर खुद्द स्पिगेल यांच्याच १२५ महिलांच्या फेरअभ्यासात एकंदरीत तो लाभ सिद्ध झाला नाही. कॅनडातील अभ्यासात सुरुवातीला अधिक व्यथित असलेल्या महिलांना मानसिक क्लेश आणि वेदना यांपासून दिलासा मात्र मिळाला.

हा दिलासा थोडका नव्हे. दीर्घ आजारात उरलेले दिवस कसे जातात, यालाही मोल असते. म्हणूनच तणावनियंत्रणाला औषधोपचारांच्या जोडीला स्थान हवे. औषधे थांबवून त्याची कास धरणे जिवावर बेतू शकते. आणि आजार बळावलाच, तर 'मन खंबीर ठेवले नाही' असा ठपका रुग्णावर ठेवण्यास या संशोधनात कोणताही आधार नाही. रुग्णाच्या शिरावर आजाराचे ओझे आहेच, त्यात अपराधीपणाची भर कशाला?