शेजाऱ्याचा निवाडा

जमीन संपादनाच्या 1894 च्या कायद्यात 28-अ हे कलम 1984 मध्ये आले. एकाच अधिसूचनेखाली दोघांच्या जमिनी गेल्या आणि एकाने न्यायालयात लढून वाढीव मोबदला मिळवला, तर न्यायालयात न गेलेल्या दुसऱ्यालाही त्या निकालाच्या आधारे जिल्हाधिकाऱ्यांकडे वाढ मागता येते. मुदत तीन महिन्यांची. ती निकालाच्या तारखेपासून मोजायची, शेतकऱ्याला निकाल कधी कळला त्या दिवसापासून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सांगितले. 2013 च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कलम 73 म्हणून कायम आहे. म्हणजे पनवेल किंवा अलिबागच्या न्यायालयात शेजाऱ्याचा निकाल लागला आणि उलव्यातल्या शेतकऱ्याच्या वकिलाला तो चौथ्या महिन्यात कळला, तर त्या निकालावरून वाढ मागण्याचा हक्क गेलाच.

वकिली व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा सध्या जोरात आहे. ती या तीन महिन्यांच्या हिशेबाने करायला हवी. अटल सेतूपलीकडच्या मुंबईत सिरिल अमरचंद मंगलदास या मोठ्या फर्मने 2017 मध्येच करार तपासणारी ‘किरा’ ही प्रणाली घेतली आणि 2023 मध्ये ‘हार्वे’. अशा प्रणालींचे मोल मसुदे झरझर लिहिण्यापेक्षा साठवणीत आहे. दहा वर्षांपूर्वी एखाद्या ज्येष्ठाने दिलेले कायदेशीर मत, एखाद्या करारातले नेमके कलम नव्या ज्युनिअरला मिनिटांत सापडते. माणूस फर्म सोडून गेला तरी त्याचे काम तिथेच राहते.

सेतूच्या या टोकाला, उलवे-पनवेल-उरण पट्ट्यात, हेच ज्ञान वकिलाच्या कपाटात आणि जुन्या कारकुनाच्या डोक्यात असते. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेण्याची प्रक्रिया 1970 मध्ये सुरू झाली. त्यातून निवाडे झाले, वाढीव मोबदल्याचे दावे झाले, साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या पात्रतेवरून आणि वारस नोंदींवरून भाऊबंदकी झाली, विमानतळासाठी आणखी एक पॅकेज आले. कोणत्या सर्व्हे नंबरला कोणता दर लागला, हे बिनचूक सांगणारे कारकून आजही भेटतात. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ते निवृत्त झाले की पुढच्या पक्षकाराला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यावर मोबाइलमधला फुकटचा चॅटबॉट हा उपाय नव्हे. तो नसलेले निवाडेही रचून देऊ शकतो, आणि न तपासलेला आधार न्यायालयात टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ‘केएमजी वायर्स’ या कंपनीची प्राप्तिकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. शिवाय अशिलाचे कागद अशा ठिकाणी टाकणे हा गोपनीयतेचा भंग ठरू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 132 वकिलाला त्याबाबत मोकळीक देत नाही. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखून निकाल देण्यासाठी या साधनांचा वापर करण्यास मनाई केली. वकिलांनीही एवढी शिस्त पाळावी: यंत्राने फक्त तपासलेल्या कागदांतून उत्तर द्यावे, मूळ पानासह द्यावे आणि ते पान माणसाने वाचावे.

मोठ्या फर्मकडे असे कागद स्वतःच्या मालकीचे असतात. एकट्याने वकिली करणाऱ्याचे ग्रंथालय म्हणजे सार्वजनिक दप्तर. ते जोवर भूसंपादन कार्यालयांच्या गठ्ठ्यांत बंद आहे, तोवर नवे तंत्र नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आणि बिल्डरांच्या वकिलांनाच बळ देणार. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः पनवेलचे वकील होते. त्या लढ्याने मिळवून दिलेले हक्क आज माहितीअभावी हुकत असतील, तर ती शासनाची चूक आहे.

तेव्हा रायगड व ठाणे जिल्हा प्रशासनांनी आणि सिडकोने 95 गावांचे सर्व निवाडे गावनिहाय, सर्व्हे नंबरनिहाय आणि शोधता येतील अशा मराठी मजकुरात खुले करावेत. पनवेल आणि उरणच्या वकील संघटनांनी त्यावर सामाईक शोधप्रणाली उभारावी आणि वाढीव मोबदल्याचा निकाल लागताच त्या गावाला सूचना जाईल, अशी सोय करावी. ‘तिसरी मुंबई’ या नियोजित शहरासाठी उरण, पनवेल आणि पेणमधल्या 124 गावांकरिता नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची 2024 मध्येच नेमणूक झाली आहे. तिथला पहिला निवाडा होण्याआधी हे काम पूर्ण झाले पाहिजे.