मांसाचा कण आणि माणसाचा हक्क

एकाच औषधाने एका रोग्यास उतार पडतो आणि शेजारच्या खाटेवरील रोग्याची प्रकृती मात्र खालावत जाते, हा अनुभव जुनाच आहे. डॉक्टरांनी औषध देऊन पाहावयाचे आणि रोग्याने ते सोसावयाचे, हा आजवरचा परिपाठ. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी त्यास पर्याय दाखविला आहे, आणि त्याचा विचार आपणही करावयास हवा.

तोशिरो सातो व हान्स क्लेव्हर्स यांनी २००९ साली उंदराच्या आतड्यातील मूलपेशीपासून काचपात्रात इवलेसे आतडे वाढविले. पुढे मानवी पेशींबाबतही ते साधले. इंग्रजीत यास ऑर्गनॉइड म्हणतात. ‘लघुअवयव’ हा शब्द आम्हांस पुरेसा वाटतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात पेशींतून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडते आणि फुप्फुसांत चिकट कफ साचतो. ज्या जनुकामुळे हा रोग होतो, त्याचे दोन हजारांहून अधिक भेद नोंदले गेले आहेत. त्यांतील कित्येक इतके विरळ, की औषधाची रीतसर चाचणी घेण्याइतके रोगीच मिळू नयेत. उट्रेख्टच्या संशोधकांनी २०१३ साली यावर तोड दाखविली. गुदाशयातील कणभर ऊतीपासून लघुअवयव वाढवावयाचा व त्यावर फोर्स्कोलिन हे द्रव्य घालावयाचे. निरोगी माणसाचा लघुअवयव आत पाणी झिरपून तासाभरात फुगतो. रोग्याचा तसा फुगत नाही. औषध घातल्यावर तोही फुगू लागला, तर ते औषध त्या रोग्यास लागू पडेल अशी आशा धरता येते. अशा परीक्षणाच्या आधारे विरळ भेदाच्या रोग्यांस औषध मिळाल्याची उदाहरणे आहेत.

प्रत्येकाची प्रकृती निराळी, हे आमचे वैद्य पूर्वीपासून सांगत आले, हे खरे. तेवढ्यावरून हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच, असे कोणी म्हणू लागेल तर त्याने काचपात्रात आतडे वाढवून दाखवावे. लघुअवयवास रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तेव्हा त्यावरून सगळा माणूस कळला, असे मात्र कोणी समजू नये.

केंद्र सरकारने २०२३ साली औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा साधनांवरील परीक्षणास वाट मोकळी केली, हे योग्यच झाले. पण रोग्याच्या देहातून काढलेला तो कण कोणाचा, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी तिच्या नकळत घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या आणि त्यांच्यावर व्यापार उभा राहिला. कुटुंबास त्याचा पत्ता १९७०च्या दशकात लागला आणि एका कंपनीशी तडजोड व्हावयास २०२३ साल उजाडले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९० साली मूर खटल्यात, देहातून काढलेल्या पेशींवर रोग्याचा मालमत्तेचा हक्क मानण्यास नकार दिला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमुना देणाऱ्याचा हक्क अधिक उदारपणे मानला आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या खोलीकडे जाता जाता इंग्रजी कागदावर अंगठा उठविणाऱ्या खेडुतास या तत्त्वांचा काय पत्ता? ज्याच्या कणावरून औषध पारखावयाचे, त्यास ते परवडेल याचीही शाश्वती नाही. याच रोगावरील एक औषधसंच २०१९ साली अमेरिकेत आला, तेव्हा त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती.

आमची मागणी फार मोठी नाही. राज्यातील प्रत्येक रुग्णालयाने ऊती घेण्याचे संमतिपत्र मराठीत छापावे, ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रोग्यास वाचून दाखवावे, आणि कण कोठे जाणार, किती काळ राहणार व त्यातून पैसा झाल्यास रोग्याचा वाटा काय, हे त्यात स्पष्ट लिहावे. आरोग्यखात्यास यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहावयास नको; एक परिपत्रक पुरे आहे.