करंटच्या बिलात नसलेला रकाना

आमच्या अफझलगंजात वीज जात नाही, 'करंट' जातो. परळीला मामीकडे 'लाईट' जाते. शब्द दोन असले तरी माल एकच. त्याची खरी किंमत मात्र सगळे सारखी मोजत नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे.

मी पडलो वाणिज्य शाखेचा, तेव्हा हिशेबच मांडतो. औष्णिक केंद्रात कोळसा पिठासारखा दळून हवेबरोबर भट्टीत फुंकतात. भोवतीच्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती चक्राला मिनिटाला तीन हजार फेरे घालायला लावते. काम झालेल्या वाफेचे थंड करून पुन्हा पाणी करावे लागते. सर्वांत जास्त पाणी खाते ते हे थंड करणे. रुंद मनोऱ्यांतून निघणारा पांढरा लोट धूर नव्हे, ते उडून चाललेले पाणी असते! एका युनिटला कोळसा साधारण सातशे ग्रॅम, त्यात राख सुमारे एक तृतीयांश. पाण्याची मर्यादा केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या केंद्रांना घालून दिली, ती युनिटमागे साडेतीन लिटर. घरचे महिन्याचे दोनशे युनिट धरा. एकशे चाळीस किलो कोळसा, चाळीस किलोंवर राख, सातशे लिटर पाणी. कोळशाचे पैसे दरात येतात. राख कुठे पडली, पाणी कोणाच्या वाट्याचे गेले, याला बिलात रकाना नाही.

१९२० साली निजामाच्या राजवटीत असे केंद्र हुसेनसागराच्या काठीच उभे राहिले होते. दिवे शहराचे आणि धूरही शहराचाच. आज ते नाही. त्या बाजूला लोक बागेत नि सिनेमाला जातात. मोठी केंद्रे लांब गेली. रामगुंडम गोदावरीकाठी, तर आपल्या कन्नड विभागातल्या मित्रांचे रायचूरचे केंद्र कृष्णेकाठी. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर तार जोडली गेली आणि दक्षिणेची वीज देशाच्या विजेला मिळाली. तेव्हापासून कोणाचा दिवा कोणाच्या पाण्यावर जळतो हे ओळखणे आणखीच अवघड.

परळीचे केंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१५ साली मी लहान होतो, सुटीत मामीकडे गेलो होतो. टँकर आला की घागरींची रांग धरायचे काम माझे. गंमत अशी की मामीकडे लाईट होती, पंखा फिरत होता. पाणी तेवढे नव्हते.

केंद्रे बंद करा असे मी म्हणत नाही. बाबांच्या दुकानातला वजनकाटादेखील करंटवरच चालतो. पण बिलावर युनिटच्या खाली दोन ओळी छापाव्यात: पाणी इतके, राख इतकी. बाबांना हे पटत नाही. ते म्हणाले, "रकाना वाढला की उद्या आकारही वाढवतील."

वाढवू देत. मामीने टँकरचे पैसे रोख मोजले होते.