हरित मनुष्यबळ आणि आकुर्डीचा कामगार

कारखानदारीच्या परिभाषेत अलीकडे आणखी एका शब्दाची भर पडली आहे. पूर्वी कारखान्यात 'लेबर ऑफिसर' असे. पुढे त्याचा 'पर्सोनेल मॅनेजर' झाला, मग 'मनुष्यबळ विकास' आला, आणि आता 'हरित मनुष्यबळ व्यवस्थापन' अवतरले आहे. कामगारांची भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन व बक्षिसी ही सर्व पर्यावरणाच्या दृष्टीने आखली, तर कारखाना नदी-हवा कमी नासवतो आणि त्याची दीर्घकालीन भरभराटही होते, असा हा सिद्धांत आहे. रेनविक, रेडमन आणि मॅग्वायर या अभ्यासकांनी २०१३ साली या विषयाचा आढावा घेणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कामगाराची क्षमता, त्याची प्रेरणा आणि त्याला मिळणारी संधी अशा तीन अंगांनी मांडणी केली आहे. त्यानंतर व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून या विषयावरील प्रबंधांचे पीक आले. त्यांपैकी बहुतेकांचा आधार म्हणजे अधिकाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी काही विचारल्याचे त्यांत क्वचितच आढळते.

आपल्यापैकी अनेकांची पहिली प्रतिक्रिया हा सारा मालकवर्गाचा नवा देखावा आहे अशी असेल. पाच जूनला कारखान्याच्या आवारात रोपे लावायची, दिवे बंद करण्याची शपथ घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत चालू लागायचे, हे आकुर्डी-चिंचवडच्या कामगाराने पुष्कळदा पाहिले आहे. तरीही मला ही प्रतिक्रिया अपुरी वाटते. या सिद्धांताचा गाभा खरा आहे. मांडणारे कबूल करतात त्याहून अधिक खरा आहे. अडचण एवढीच, की तो शेवटपर्यंत नेला तर मालकांना न परवडणाऱ्या ठिकाणी जाऊन पोहोचतो.

एक साधे उदाहरण घेऊ. आकुर्डी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात मोठ्या वाहन-कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉपे आहेत आणि त्यांत प्लेटिंगची कामे चालतात. जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा द्यावयाचे भाग जिगला टांगून रसायनाच्या टाकीत बुडवतात, मग वर काढून धुण्याच्या पाण्यात घालतात. वर काढल्यावर जिग टाकीवरच काही क्षण धरून ठेवली, तर भागांना चिकटलेले द्रावण ठिबकून परत टाकीत पडते. ती लगेच उचलून पुढे नेली, तर तेच द्रावण धुण्याच्या पाण्यात उतरते, तेथून सांडपाण्यात, आणि शुद्धीकरण नीट झाले नाही तर नाल्यातून नदीत. म्हणजे नदीत जाणारे क्रोमियम किती, हा प्रश्न बऱ्याच अंशी कामगाराच्या हाताने थांबावयाच्या काही सेकंदांचा आहे. त्या सेकंदांत मालकाचेही रसायन वाचते, पाणी वाचते आणि शुद्धीकरणाचा खर्च वाचतो. पर्यावरणाचे हित आणि धंद्याचे हित यांची अशी सरळ गाठ दुसरीकडे क्वचित पडत असेल.

मग तो हात थांबत का नाही? कारण त्या कामगाराला शिफ्टमध्ये किती जिग काढावयाच्या याचा आकडा ठरलेला असतो. आकडा भरला नाही तर उद्या कंत्राटदार दुसरा माणूस आणतो. त्याला पर्यावरणाचे प्रशिक्षण देऊन, भिंतीवर हिरव्या अक्षरांत पाटी लावून काहीही साधणार नाही. त्याच्या अज्ञानामुळे नदी नासत नाही. टाकीवर वाफा घेत उभा असलेला माणूस ते द्रावण काय करते हे कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक जाणतो, आपल्या नाकावरून आणि हाताच्या कातडीवरून जाणतो. उत्पादनाचा आकडा ठरवणे हेच खरे मनुष्यबळ व्यवस्थापन होय आणि ते हिरवे आहे की काळे याचा निर्णय तेथेच होतो.

दुसरे उदाहरण हवेच्या गळतीचे. कारखान्यातील कॉम्प्रेसर जी दाबलेली हवा तयार करतो, तिचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग नळ्यांच्या सांध्यांतून फुकट जाणे ही सामान्य गोष्ट मानली जाते. तेवढी वीज व तेवढा कोळसा व्यर्थ जाळला जातो. ही गळती कोठे आहे हे तपासण्यासाठी महागडी उपकरणे आणून ऑडिट केले जाते. वस्तुतः रात्रपाळीच्या कामगाराला ती कानांनी कळते. मशिने बंद पडली की सूं असा आवाज येत राहतो. पण सांगावयाचे कोणाला? कायम नोकरीतला माणूस सुपरवायझरला सांगू शकतो. सात महिन्यांचा ब्रेक मिळणारा हेल्पर गप्प बसणेच पसंत करतो. कालपरवापर्यंत 'नीम' योजनेखाली शिकाऊ म्हणून चाकणच्या कारखान्यांत भरलेली मुले तर कायद्याच्या लेखी कामगारही नव्हती. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याने कारखान्याच्या पुढच्या वीस वर्षांची काळजी वाहावी अशी अपेक्षा करणे हा विनोदच नव्हे काय? क्षमता, प्रेरणा आणि संधी या त्रयीत अभ्यासकांनी चौथी अट घातलेली नाही. ती म्हणजे नोकरीची शाश्वती. तिच्यावाचून उरलेल्या तिन्ही कागदावरच राहतात.

याचा अर्थ नद्यांच्या दुर्दशेचे सारे खापर कारखान्यांवर फोडावे असा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यांत महाराष्ट्रातील ५३ आहेत, आणि पवना व इंद्रायणी या दोन्ही त्यांत आहेत. त्यांत वस्त्यांच्या मैलापाण्याचा वाटा मोठा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तिचे स्वागत करणाऱ्या रांगेत कारखान्यांतले कामगार असतात. आणि आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस पाहून हळहळणारेही तेच असतात. आठ तास तो ज्या नाल्याच्या उगमाशी उभा असतो, त्याच्याच टोकाला त्याची श्रद्धा आणि त्याचा नळ आहे. पर्यावरण ही कामगाराच्या दृष्टीने कारखान्याच्या भिंतीबाहेरची बाब नाही, हे यापेक्षा वेगळे पटवून देण्याची आवश्यकता नाही.

आकुर्डीचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. बजाज ऑटोचा येथील कारखाना म्हणजे एका काळी साऱ्या देशाची स्कूटर. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. उत्तराखंडातील करसवलतींचा लाभ घेणारा पंतनगरचा कारखाना २००७ साली सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबवण्यात आले. वाढलेला खर्च व करांतील तफावत ही कंपनीने दिलेली कारणे होती. दोन हजारांहून अधिक कामगारांच्या हातचे काम गेले. पुढे पंधरा वर्षांनी, १० जून २०२२ रोजी, त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना उघडला, त्याची क्षमता वर्षाला पाच लाख वाहनांची सांगण्यात आली. जुनेच नाव, जुनीच भूमी. स्कूटर मात्र धूर न सोडणारी.

या घटनेचे स्वागत केले पाहिजे, आणि मी ते करतो. पेट्रोलचा धूर कमी होणे ही कामगारवस्तीतील मुलांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. परंतु विजेच्या स्कूटरला कार्ब्युरेटर लागत नाही, सायलेन्सर लागत नाही, पिस्टन-सिलिंडर लागत नाही. हे भाग घडवणारी भोसरी-चिंचवडची वर्कशॉपे आणि तेथील टर्नर-फिटर यांचे पुढे काय, याचा उल्लेख कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. २००७ मध्ये निर्णय झाल्यावर कामगाराला कळवण्यात आले. आगामी स्थित्यंतरातही तसेच होणार असेल, तर त्या हिरवेपणाची किंमत पुन्हा त्यानेच चुकवावयाची. ब्रिटनमधील लुकास एअरोस्पेस कंपनीच्या कामगार-प्रतिनिधींनी १९७६ साली, नोकरकपातीचे सावट असताना, आपल्याच कौशल्यातून समाजोपयोगी वस्तू घडवण्याची पर्यायी योजना तयार केली होती. सुमारे दीडशे वस्तूंच्या त्या यादीत उष्णता-पंप होते, पवनचक्क्या होत्या, वीज व इंधन दोहोंवर चालणाऱ्या वाहनाचे यंत्र होते. व्यवस्थापनाने ती योजना धुडकावली. आज याच वस्तूंमागे जगातील भांडवल धावत आहे! शॉप फ्लोअरवरचे शहाणपण व्यवस्थापनाच्या तीस वर्षे पुढे होते, आणि ते ऐकण्याची यंत्रणा मात्र नव्हती.

आपल्याकडे अशी यंत्रणा कायद्यात होती. भोपाळच्या भीषण घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती अनिवार्य झाली, आणि धोक्याची सूचना देण्याचा अधिकार कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तीत धोक्याची सूचना देण्याचा हक्क सर्वच कामगारांना दिला आहे, हे नमूद करावयास हवे. परंतु सुरक्षा समिती कोठे असावी हे आता सरकारच्या आदेशावर अवलंबून ठेवले आहे. जेथे पूर्वी 'असलीच पाहिजे' होते, तेथे 'सरकार सांगेल तेथे' आले. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावावयाच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून ज्यांचे प्राण गेले त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तशा जागी कोणतीही समिती कधी पोहोचतच नाही. मोठ्या कारखान्याचे अंगण स्वच्छ दिसते, कारण घाण आणि धोका ही दोन्ही कंत्राटाने बाहेर दिलेली असतात. कुदळवाडीची भंगार-गोदामे महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. या पट्ट्यातले भंगार वर्षानुवर्षे निवडणारे तेथले हात कोणत्याही कंपनीच्या हरित अहवालात मोजले गेले नव्हते.

येथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आमच्या संघटनांनी या बाबतीत फार काही केले असे म्हणवत नाही. पेंट शॉपमध्ये थिनरचा वास असह्य होतो अशी तक्रार आली, की आम्ही भत्ता मागितला. भत्ता मिळाला, वास तसाच राहिला. कामगाराच्या फुप्फुसाची किंमत आम्हीच ठरवून दिली आणि करारावर सह्या केल्या. त्यामागे अगतिकता होती हे खरे. पण पंखा, झाकण, बंद बूथ यांची मागणी भत्त्याच्या आधी यावयास हवी होती. छत्तीसगडात शंकर गुहा नियोगींच्या संघटनेने खाणकामगारांच्या लढ्यात रोजी, दारूबंदी, दवाखाना आणि जंगल यांची फारकत केली नाही. आम्ही मात्र पवनेचा प्रश्न पर्यावरणवाद्यांकडे सोपवला आणि आपण महागाई भत्त्याचे गणित मांडत बसलो.

आज एक साधन हाताशी आले आहे. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ या वर्षापासून बाजारभांडवलाच्या दृष्टीने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना उत्तरदायित्व व शाश्वततेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात पाणी किती घेतले, किती सोडले, वीज व इंधन किती जाळले हे असते. त्याच अहवालात कामगार कायम किती व अन्य किती, संघटनेचे सभासद किती, सुरक्षेचे प्रशिक्षण कितींना दिले, अपघात किती, याचेही तक्ते असतात. गुंतवणूकदार ते वाचतात. कामगार-प्रतिनिधींपैकी कितीजणांनी आपल्या कंपनीचा अहवाल उघडून पाहिला आहे? तो सर्वांना खुला असतो. त्यातील पाण्याचा आकडा आणि कंत्राटी कामगारांचा आकडा शेजारी ठेवून वाचावेत. 'प्रशिक्षण शंभर टक्के' असे छापले असेल, तर आपल्या लाइनवरच्या दहा हेल्परांना ते प्रशिक्षण कोणत्या दिवशी झाले हे विचारावे.

आणि पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात काही कलमे घालावीत. सांडपाणी शुद्धीकरणाच्या दैनंदिन नोंदी सुरक्षा समितीसमोर याव्यात. गळती वा प्रदूषण दाखवून देणाऱ्या कंत्राटी कामगाराचा ब्रेक त्या कारणाने होऊ नये. नवे तंत्र आणण्यापूर्वी जुन्या कामगारांच्या फेरप्रशिक्षणाचा, आणि शक्य तेथे पुरवठादार वर्कशॉपांतील कामगारांच्याही, लेखी आराखडा व्हावा. वाचलेली वीज व रसायन यांतला ठराविक हिस्सा बोनसव्यतिरिक्त कामगारांकडे यावा. व्यवस्थापन विचारील, या गोष्टींचा संघटनेशी संबंध काय? त्या वेळी त्यांच्याच मनुष्यबळ विभागाची हिरवी पुस्तिका टेबलावर ठेवावी आणि कामगार-सहभागाचे पान उघडावे.