हातमोजे खुंटीला नकोत, हातात हवेत



गेल्या हंगामात आपल्या काही सभासदांनी तोडणी मजुरांना चामडी हातमोजे घेऊन दिले. काम स्तुत्य होते. पण आम्ही फडात फिरलो तेव्हा निम्मे मोजे कोप्यांच्या मेढीला टांगलेले दिसले. कारण विचारता एक बाई हसून म्हणाली, "सायेब, यात माहे दोन्ही हात मावतात!"

बाईचे म्हणणे खरे होते. आपण एका जोडप्याला 'एक कोयता' म्हणतो, म्हणजे निम्मे हात बायांचे. पण खरेदी झाली ती सगळी गड्यांच्या मापाची. पाचट काढताना, मोळी बांधताना पानांच्या करवती कडांनी हात चिरतात ते याच बायांचे.

सैल मोजा हा नुसता गैरसोयीचा नसतो, तो घातकही असतो. डाव्या हाताने ऊस धरला की बोटाच्या टोकाला उरलेले रिकामे चामडे नेमके कोयत्याखाली येते. उजव्या हातात मूठ फिरते. कोयत्याचा घाव अडवील असे चामडे काही नसते, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे, की आधी माप, मग खरेदी. अंगठा सोडून पंजाचा घेर टेपने मोजावा. जितके इंच, तितका साधारण मोज्याचा नंबर. कोयत्यामागे दोन मापे लिहून घ्यायला पाच मिनिटे लागत नाहीत.

आता जे मोजे घरात पडून आहेत त्यांचे काय? एखाद्या नंबराने मोठे असतील तर फेकू नका. मोजे कोमट पाण्यात भिजवून हलके पिळावेत, हातात घालावेत आणि मूठ उघडमीट करीत राहावे. अर्धवट सुकले की काढून सावलीत ठेवावेत. चामडे थोडे आवळते आणि हाताचा आकार धरते. चुलीजवळ किंवा रखरखीत उन्हात मात्र वाळवू नयेत, चामडे कडक होऊन तडकते. पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचे एखादे बोट फिरवावे. जास्त तेलाने मोजा पुन्हा सैल पडतो.

एवढ्याने भागले नाही तर मोजा उलटा करून बोटांच्या बाजूला मेण लावलेल्या दोऱ्याने आतून एक शिवण घालावी. गावातला चप्पल शिवणारा कारागीर हे काम सहज करतो. मनगटाला पट्टी बांधावी. आत पातळ सुती मोजा घातला तर घामही टिपला जातो. दोन नंबर मोठा मोजा मात्र कशानेच बसत नाही, तो बदलूनच घ्यावा. संत्र्याच्या काटेरी फांद्या छाटायला, बाभळीची काटी ओढायलाही हेच मोजे कामी येतील.

दोन ठिकाणी मात्र चामडी मोजा वापरूच नये. एक, कडबाकुट्टी, थ्रेशर अशा फिरत्या यंत्राजवळ. मोजा अडकला की हात ओढला जातो. दुसरे, फवारणी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती आठवण वऱ्हाडात अजून ताजी आहे. चामडे औषध शोषून घेते आणि धुतले तरी ते आतच राहते. फवारणीला अस्तर नसलेले रबरी किंवा नायट्राईलचे मोजेच हवेत, आणि तेही मापाचे.

बैलाच्या खांद्याला जू लागू नये म्हणून आपण किती जपतो! माणसाच्या हाताला तेवढे तरी माप मिळावे. येत्या हंगामाच्या करारावेळी आमच्या गट कार्यालयात टेप ठेवलेला असेल. सभासदांनी आपापल्या टोळीची मापे तेथे नोंदवावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी