स्वस्त रोहित्राची खरी किंमत

जळालेल्या रोहित्राच्या जागी नवे घ्यावयाचे, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणे हेच लोकहित, असे मानणारे कारभारी वीज कंपन्यांत आजही आहेत. हिशेब निराळे सांगतो. भार असो वा नसो, रोहित्राचा गाभा अहोरात्र वीज खातच असतो. दोन मालांत अवघा ५० वॉटांचा फरक धरला, तरी वर्षाच्या ८,७६० तासांत ४३८ आणि पंचवीस वर्षांत १०,९५० युनिट व्यर्थ जातात! सन २००३ च्या वीज कायद्यान्वये नियामक आयोग दर ठरवितो. त्याने मान्य केलेल्या गळतीचा बोजा अखेर ग्राहकाच्याच शिरावर. सही करणारा अधिकारी तोवर पेन्शन खात असतो. यास्तव निविदा तोलताना आयुष्यभराच्या गळतीचे मोल दरात मिळवावे व तो तक्ता जाहीर करावा. चाचणीत वचनभंग करणारा माल पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावा, अशी अटही करारनाम्यात हवी.