विजेची स्कूटर घेण्यापूर्वी घरचा प्लग पाहा



भीमजयंती किंवा अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांत कुणाच्या ना कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहते. आपण पंचांग सोडले, मुहूर्त सोडला, हे फार चांगले झाले. पण शोरूमवर 'ऑफर अमुक तारखेपर्यंतच' अशी पाटी लागली की आपली माणसे ज्या घाईने सही करतात, ते पाहून हा नवा मुहूर्तच निघाला की काय, असे आम्हांला वाटते. हल्ली ही घाई विजेवरच्या स्कूटरसाठी चालली आहे. पेट्रोल लिटरमागे शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात कामाला जाणारे आपले भाऊबहीण तिकडे वळत असतील तर त्यात गैर काहीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ही गाडी निवडण्याची सुरुवात शोरूमपासून न करता आपल्या घराच्या दारापासून करावी.

पेट्रोलची गाडी गल्लीत कुठेही उभी राहते. विजेच्या गाडीला मात्र रोज काही तास प्लग लागतो. ज्यांचे स्वतःचे घर आहे, पुढे थोडे अंगण आहे, त्यांचा प्रश्न सोपा. जे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतात त्यांनी आधी घरमालकाशी किंवा सोसायटीशी बोलून घ्यावे, आगाऊ रक्कम नंतर भरावी. काही गाड्यांची बॅटरी काढून वर नेता येते. पण ती दहा किलोच्या आसपास भरते, आणि काही गाड्यांत अशा दोन असतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने ती घेऊन रोज जिना चढायचा, हे शोरूममध्ये वाटते तितके हलके नाही.

त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्याच वर्षी देशात ठिकठिकाणी अशा गाड्यांना आगी लागल्या, म्हणून सरकारने बॅटरीसाठी 'एआयएस-१५६' या मानकाचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तेव्हा त्यापूर्वी बनलेली जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. नव्या गाडीची बॅटरीसुद्धा माणसे झोपतात त्या खोलीत रात्रभर चार्जिंगला ठेवू नये. आपली कित्येक घरे एका खोलीची, एका दाराची. त्या दारातच गाडी चार्जिंगला लावली आणि काही झाले, तर बाहेर पडायची वाट उरत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, सोळा अँपियरचा वेगळा प्लग बसवावा. खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशनची बारीक वायर चालणार नाही. मे महिन्यात उन्हातून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नये, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी.

आता अंतराचा हिशेब. नागपूरचे उदाहरण घेऊ. इंदोऱ्याहून हिंगणा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचे जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात. बुटीबोरीला जाणाऱ्याचे साठ-पासष्ट. जाहिरातीत 'एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर' लिहिलेले असते, पण ते चाचणीतले अंतर. मागे माणूस बसला, उड्डाणपूल चढला, समोरून वारा आला की ते सत्तर-पंच्याहत्तरवर येते. पुढे बॅटरी जुनी होते तसे आणखी घटते. म्हणून रोजच्या अंतराच्या निदान दुप्पट आकडा जाहिरातीत असेल तीच गाडी बघावी. बुटीबोरीवाल्याला मोठी बॅटरी घ्यावीच लागेल. हिंगण्याला जाणाऱ्याने मात्र विक्रेत्याच्या आग्रहाखातर तिच्यावर वीस-तीस हजार जास्त घालण्याचे कारण नाही.

पैशाचे गणित वहीत मांडून पाहावे. आम्ही मांडले ते असे. एका युनिटमध्ये गाडी साधारण तीस किलोमीटर जाते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हिंगणेवाल्याला सव्वीस युनिट लागतात. बारा रुपये दर धरला तरी खर्च तीनशेच्या आसपास. पेट्रोलच्या गाडीला एवढ्याच अंतराला अठराशे लागले असते. म्हणजे बचत दीड हजाराची. बुटीबोरीवाल्याची बचत तीन हजारांच्या वर जाते. घरचा वापर शंभर युनिटांच्या पुढे गेला की विजेचा दर एकदम चढतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम जास्त धरला आहे.

पण हप्ता किती? ८० हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतले, तर घटत्या शिलकीवरच्या व्याजाने हप्ता सुमारे २,५८० रुपये पडतो. तोच दहा टक्के 'फ्लॅट' असेल तर २,८९० रुपये. तीन वर्षांत अकरा हजारांचा फरक! फ्लॅट दहा टक्के म्हणजे खरे पाहता अठरा टक्के झाले. सही करण्यापूर्वी 'व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर' एवढा एक प्रश्न विचाराच. यावरून दिसते ते असे की, लांब जाणाऱ्याचा हप्ता पेट्रोलच्या पैशांतून निघतो, जवळ जाणाऱ्याचा निघत नाही. ज्याची जुनी गाडी धड चालते आणि काम जवळ आहे, त्याने केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून कर्ज काढू नये. कंपनीची बस असेल तर प्रश्नच मिटला. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख एक आहे. ऐकणारा तर मोठा सावकार होता!

वॉरंटीचा कागदही घरी आणून वाचावा. 'तीन वर्षे किंवा तीस हजार किलोमीटर, जे आधी होईल ते' असे लिहिले असेल, तर बुटीबोरीवाल्याची वॉरंटी दीड वर्षातच संपते. शेजाऱ्याला २०२२ साली कितीला मिळाली ते धरून बसू नये. केंद्राच्या फेम योजनेचे अनुदान जून २०२३ मध्ये कमी झाले आणि मार्च २०२४ अखेर ती योजनाच संपली. आजची सर्व खर्चासह किंमत लेखी मागावी.

'लायसन्स नको, पासिंग नको' म्हणून विकतात त्या गाड्यांविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची गाडीच कायद्याने या सवलतीत बसते. दुकानदार आतल्या आत बदल करून तीच गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळवून दाखवतो, तेव्हा ती बेकायदा होते. अपघात झाला तर विम्याचा पैसा नाही, वर गुन्हा. मुलगा दहावीत आहे, त्याच्या क्लाससाठी असू दे, असे म्हणून ती घेणाऱ्या आईवडिलांनी हेही ध्यानात ठेवावे की, अल्पवयीन मुलाने नियमबाह्य गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडे गाडी पसंत करतो नवरा आणि ड्युटीला घेऊन जाते बायको. ज्याला चालवायची आहे त्यानेच चालवून पाहावी, सीटवरून दोन्ही पाय टेकतात का, उतारावरून मागे ओढता येते का, हे बघावे. या गाड्या शंभर-सव्वाशे किलोच्या असतात. आवाज जवळजवळ नसतो, म्हणून वस्तीच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलांना चाहूल लागत नाही, तिथे वेग कमीच ठेवावा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक ही गाडी उघडणार नाही. सर्व्हिस सेंटर कामाच्या वाटेवर आहे का, आणि पार्ट यायला किती दिवस लागतात, हे दोन वर्षे गाडी वापरणाऱ्याला विचारावे, शोरूममधल्या मुलाला नव्हे.

ज्यांना घरी प्लगच नाही त्यांचे काय? चार्जिंगसाठी वेगळ्या दराची स्वतंत्र जोडणी महावितरणकडून घेता येते. ज्या विहाराला पुढे मोकळी जागा आहे तिथल्या समितीने अशा जोडणीचा विचार करावा, असे आम्ही सुचवतो. मात्र विहाराच्या फुकट विजेवर नाही. प्रत्येक प्लगला छोटे मीटर, बाजूला वही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर ज्याचे त्याचे पैसे जमा. प्लग चार असतील आणि गाड्या दहा, तर पहिला नंबर रात्रपाळीच्या बहिणींचा.